बालाघाटचा डोंगर आणि त्याच्या आश्रयाची गावे

हरिश्चंद्रगडाकडून सह्याद्रीची जी शाखा आग्नेयीस निघते, तिचाच पुढील विस्तार म्हणजे बालाघाट होय. अहिल्यानगर, बीड, धाराशिव व लातूर या जिल्ह्यांतून ही रांग जाते. बीड जिल्ह्यात तिच्या उत्तरेस गोदावरीकाठची सखल, काळी जमीन आहे. तिला गंगथडी म्हणतात. जिल्हा एकच, परंतु घाटावरील व घाटाखालील शेतकऱ्यांचे दैव सारखे नाही.

उत्तर उताराचे पाणी सिंदफणेतून गोदावरीस मिळते, दक्षिणेकडील बरेचसे सीनेवाटे भीमेस जाते. पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजरा मात्र दूरचा वळसा घेऊन अखेर तेलंगणात गोदावरीसच मिळते. इतक्या नद्यांचे हे माहेर, पण उन्हाळ्यात येथेच घागरींच्या रांगा लागतात! हा पर्जन्यछायेचा मुलूख. जमीन मुरमाड व उथळ, खाली काळा कातळ. पडलेला पाऊस मातीसह उतारावरून निघून जातो. अशा जमिनीत बाजरी, तूर, मटकी, हुलगा एवढेच भरवशाचे.

म्हणूनच दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील हजारो कुटुंबे ऊसतोडीस जातात. मुकादमाकडून उचल घ्यावयाची, नवराबायकोने मिळून एक ‘कोयता’ व्हावयाचे आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतावयाचे, हा क्रम झाला आहे. मुलांची शाळा बुडते ती वेगळीच. माघात बांधबंदिस्तीची सभा बोलावल्यास समोर वृद्ध मंडळीच दिसणार, हे ग्राम कार्यकर्त्यांनी ध्यानी घ्यावे. आखणी व मोजणी हिवाळ्यात उरकून ठेवावी. समपातळीचे चर व नालाबांध ही कामे माणसे परतताच, मृगापूर्वी, हाती घ्यावीत. काम माथ्यापासून पायथ्याकडे न्यावे. वरचा उतार मोकळा सोडून खाली बांध घातल्यास तो गाळाने भरतो.

या खडकाळ उतारावर एक झाड मात्र आनंदाने वाढते, ते सीताफळाचे. त्याच्या पाल्यास शेळ्या सहसा तोंड लावीत नाहीत, त्यामुळे चराऊ रानातही ते टिकते. बीडच्या सीताफळास 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. अडचण एवढीच की, फळ पिकते ते नेमके गाड्या ऊसतोडीस निघण्याच्या दिवसांत, आणि पिकलेले फळ दोन-तीन दिवसांपलीकडे राहत नाही. गावातच गर काढून शीतगृहात ठेवण्याची सोय ज्या बचतगटांना करता येईल, त्यांनी तिची तयारी भाद्रपदापूर्वीच करावी.