गवतावर वाढलेला ससा: मांसात काय बदलते, काय बदलत नाही

“हा ससा नुसत्या हिरव्या पाल्यावर वाढलेला आहे, याचे मटण खाल्ले की रक्त वाढते,” असे सांगून विकणारा चार पैसे जास्त मागतो. घरात कुणाचे रक्त कमी असले, की आपण ते देतोही. हा पैसा कष्टाचा आहे. म्हणून पाल्याने सशाच्या मांसात खरोखर काय फरक पडतो, हे या वेळी आपण समजून घेऊ.

आधी न बदलणाऱ्या गोष्टी पाहू. पाळीव सशाच्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात. ससा पाल्यावर वाढवा की दाण्यावर, हा आकडा फारसा हलत नाही. लोहाचेही तसेच. सशाचे मांस फिकट असते. त्यात १०० ग्रॅमला साधारण दीड मिलिग्रॅम लोह असते. आपल्याकडच्या बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागते, असे राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये सांगितले आहे. मांसातले लोह पालेभाजीतल्या लोहापेक्षा चांगले अंगी लागते हे खरे; पण एवढ्याशा लोहाने रक्त भरून येत नाही. पाला खाऊ घातला म्हणून ते वाढतही नाही.

बदलते ती चरबी. शेळी रवंथ करते. तिच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले जंतू पाल्यातल्या चांगल्या स्निग्धांशाचे रूप बरेचसे पालटून टाकतात. सशाचे पोट तसे नाही. त्याच्याकडे चारा आंबवणारी पिशवी लहान आतड्याच्या पुढे असते. त्यामुळे पाल्यातला ओमेगा-३ हा हृदयाला चांगला स्निग्धांश आधीच शोषला जातो आणि तसाच चरबीत उतरतो. म्हणून लसूणघासासारखा हिरवा चारा भरपूर खाल्लेल्या सशात ओमेगा-३ जास्त मिळते. हिरव्या चाऱ्यातून ई जीवनसत्त्वही मिळते. मक्यासारख्या दाण्यावर वाढलेल्या सशात ओमेगा-६ चा वाटा वाढतो. पाल्यावरचा ससा सहसा कमी चरबीचाही असतो.

पण मुळात सशात चरबी थोडी, म्हणून हा फायदाही बेताचाच. त्यातच कढईत वाटीभर तेल ओतून मांस तळले, तर तो फायदा तेलात बुडाला म्हणून समजा. पातळ रस्सा करावा आणि मांस आतपर्यंत नीट शिजवावे. अशी चरबी लवकर खवट होते, म्हणून मांस ताजेच संपवावे.

सशाच्या मांसाची खरी मोठी बाजू वेगळीच आहे. ससा स्वतःची मऊ लेंडी पुन्हा खातो. ती घाण सवय नव्हे; आतड्यातल्या जंतूंनी तयार केलेले बी-१२ जीवनसत्त्व त्याला त्यातूनच मिळते. म्हणून त्याच्या मांसात बी-१२ भरपूर असते. १०० ग्रॅम मांसात मोठ्या माणसाची दिवसाची गरज भागते.

घरी ससे पाळणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नुसत्या गवतावर ससा हळू वाढतो, कारण हिरव्या चाऱ्यात बहुतेक पाणीच असते. लसूणघास, हादगा, शेवरी, शेवग्याचा पाला आणि वाळके गवत यांच्या जोडीला थोडे दाणे द्यावेत. सुबाभूळ थोडीच घालावी. जास्त झाली तर केस गळतात. ओला पाला सुकवून मग घालावा, नाहीतर हगवण लागते. बाजारात टाकलेला कोबीचा पाला पोट फुगवतो, त्यावर फवारणीचे औषधही असू शकते. नाल्याकाठचा आणि कुत्री हिंडतात तिथला पाला तर आणूच नये. त्यातून विषारी द्रव्ये आणि जंतांची अंडी सशाच्या पोटात जातात.

आणखी एक. “जंगली ससा आहे, जास्त ताकदीचा,” असे कुणी सांगितले तर घेऊ नये. माळावरच्या सशाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्याची शिकार हा गुन्हा आहे.

मग रक्त कमी असेल तर काय करावे? आधी सरकारी दवाखान्यात तपासून घ्यावे आणि सांगितलेल्या लोहाच्या गोळ्या मध्येच न सोडता पुऱ्या कराव्यात. जेवणात पालेभाजी, कडधान्ये आणि त्यावर लिंबू असू द्यावे. चहा जेवणाबरोबर घेऊ नये. शेळीच्या कलेजीत सशाच्या मांसापेक्षा कितीतरी जास्त लोह असते. गरोदर बाईने मात्र डॉक्टरांना विचारूनच ती खावी.

सशाचे मांस चांगले आहे, परवडत असेल तर जरूर खावे. पण ते अन्न म्हणून घ्यावे आणि अन्नाचीच किंमत द्यावी. औषधाची किंमत देऊ नये.