नव्वदाव्या मिनिटाचा गोलरक्षक

गेल्या जुलैत माझा आतेभाऊ न्यू जर्सीहून सहकुटुंब वाळपईला आला. जुलैतला आमचा सत्तरीचा पाऊस म्हणजे घराबाहेर पडायचं नाव नको. तरी दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही बाजारातल्या हॉटेलात पातळ भाजी-पाव खायला गेलो, आणि पहिला पाव संपायच्या आत आतेभावाचा सोळा वर्षांचा मुलगा आणि माझा धाकटा भाऊ यांची जुंपली. विषय फुटबॉल. गंमत म्हणजे दोघांचे फुटबॉल वेगळे. एकाचा चेंडू गोल, एकाचा लांबट.

पोरगा न्यूयॉर्क जेट्सचा भक्त. हा संघ सुपर बोल जिंकला तो जानेवारी 1969 मध्ये. त्यानंतर त्यांनी अंतिम सामना पाहिलेला नाही. पोराच्या आजोबांच्या तरुणपणची गोष्ट! "काका, आमची वाट क्वार्टरबॅकने लावली," तो ठासून सांगत होता. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातातून जवळजवळ प्रत्येक आक्रमण सुरू होतं तो गडी. पैसा त्याला सर्वांत जास्त, आणि शिव्याही त्यालाच.

भाऊ माझा खोदून विचारणारा. कोण होता, कधी आला, मग काय झालं? हळूहळू सगळी कहाणी बाहेर आली. 2018 मध्ये जेट्सनी सॅम डार्नोल्ड नावाचा वीस वर्षांचा पोरगा निवडला, सगळ्या देशातून तिसऱ्या क्रमांकावर. आता आपले दिवस आले, असं चाहत्यांना वाटलं. तीन मोसम हरण्यात गेले आणि 2021 मध्ये त्याला कॅरोलिनाकडे पाठवलं. त्याच वर्षी झॅक विल्सनला आणलं, दुसऱ्या क्रमांकावर निवडून. तोही चालला नाही. 2023 मध्ये नावाजलेला ॲरन रॉजर्स आला, तर पहिल्या सामन्यातल्या चौथ्याच खेळीत त्याच्या टाचेची शीर तुटली आणि मोसम संपला. 2024 मध्ये तो परतला, तेव्हा जेट्सनी सतरापैकी पाच सामने जिंकले. आणि टाकून दिलेला डार्नोल्ड? त्याच मोसमात मिनेसोटाकडून खेळताना त्याच्या संघाने चौदा जिंकले.

"म्हणजे माणूस तोच," भाऊ म्हणाला. "मग वाट लावली कोणी?"

"पण आमच्याकडे असताना तो खरंच वाईट खेळत होता!" पोरगा चिडला. आणि त्याचंही खोटं नव्हतं. समोरचे धिप्पाड गडी अंगावर येताना आपल्या फळीने दोन-तीन सेकंद अडवून धरलं नाही, तर क्वार्टरबॅक काय फेकणार? पण चाहत्याला दिसतो तो हातातून चुकीच्या जागी गेलेला चेंडू. फळी कोण बघतो?

तेवढ्यात भाऊ माझ्याकडे वळला. "दादाला विचार. त्याने आमचा क्वार्टरबॅक कसा सोलला होता ते."

मला चहा जरा कडूच लागला.

20 डिसेंबर 2015. इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना, मडगावला फातोर्ड्यात, म्हणजे आपल्याच अंगणात. एफसी गोवा विरुद्ध चेन्नईयन. वाळपईहून उसगाव, फोंडा करत मडगावला जाणं काही अवघड नव्हतं, पण तिकिटं मिळाली नाहीत, म्हणून घरीच टीव्हीसमोर बसलो. अपेक्षा केवढ्या होत्या म्हणून सांगू! प्रशिक्षक साक्षात झिको. महिन्यापूर्वीच मुंबईचा 7-0 असा धुव्वा उडवलेला. साखळीत पहिला क्रमांक. आमच्या काकांनी तर पेढ्यांचा डबा आणून ठेवला होता.

गोलात लक्ष्मीकांत कट्टीमनी, गोव्याचाच मुलगा. दुसऱ्या डावात चेन्नईला पेनल्टी मिळाली. त्याने ती अडवली, पण परत आलेला चेंडू पेलिसारीने जाळ्यात मारला. चार मिनिटांत हाओकिपने बरोबरी साधली. पुन्हा चेन्नईला पेनल्टी, आणि मेंडोझाची ती पेनल्टीही कट्टीमनीने अडवली. 87 व्या मिनिटाला जोफ्रेने गोल केला. 2-1! काका डब्याचं झाकण उघडायला उठलेसुद्धा.

90 व्या मिनिटाला गोलसमोर आलेला चेंडू कट्टीमनीच्या हातून आपल्याच जाळ्यात गेला. स्वयंगोल. दोन मिनिटांनी मेंडोझाने तिसरा गोल केला आणि करंडक चेन्नईला गेला.

मी उठून ओरडलो, "हाताला तूप लावून उभा राहिला होता काय? असल्याला गोलात घालतो कोण?" याहून वाईट जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. काका म्हणाले, "ब्रह्मानंद असता तर!" ब्रह्मानंद शंखवाळकर म्हणजे भारताचा कर्णधार राहिलेला आमचा गोलरक्षक, 1997 चा अर्जुन पुरस्कार विजेता. गोव्यात कुठलाही गोलरक्षक चुकला की म्हाताऱ्यांच्या तोंडी हे नाव येतंच. (ब्रह्मानंदच्या काळात एकच चूक दहा कोनांतून परत परत दाखवणारा टीव्ही नव्हता, हे काकांना सांगायची माझी टाप नव्हती.)

दोन पेनल्टी अडवलेल्या कोणाच्याच तोंडात नव्हत्या. तीन मिनिटं राहिलेली असताना आघाडी मिळाली, तर चेंडू आपल्या गोलसमोर येऊ दिला कोणी? तिसरा गोल झाला तेव्हा बाकीचे दहा जण काय करत होते? हे प्रश्न मला त्या रात्री सुचलेच नाहीत. सुचले असते तरी नको होते. मला एक माणूस हवा होता.

धाकटा भाऊ तेव्हा आठवीत. शाळेच्या संघाचा गोलरक्षक. तो कोपऱ्यात सतरंजीवर बसून सगळं ऐकत होता. जानेवारीत त्याने सरांना सांगितलं, मी आता मागच्या फळीत खेळतो. घरी म्हणाला, उंची कमी पडते. आम्ही मान डोलावली.

खरं कारण कळलं ते 20 मार्च 2022 ला. पुन्हा फातोर्डा, पुन्हा अंतिम सामना, पण आमचा संघ त्या वर्षी नववा. खेळत होते हैदराबाद आणि केरळ. स्टेडियम केरळच्या पिवळ्या शर्टांनी भरलेलं. केरळ एका गोलने पुढे होतं, 88 व्या मिनिटाला गोव्याच्याच साहिल तावोराने हैदराबादला बरोबरी साधून दिली आणि सामना पेनल्टींवर गेला. हैदराबादच्या गोलात कट्टीमनी! त्याने तीन पेनल्टी अडवल्या. हैदराबाद 3-1 ने विजेता. ज्या मैदानावर आम्ही त्याला सोललं, त्याच मैदानावर.

मी टाळ्या वाजवत होतो. भाऊ शांतपणे म्हणाला, "दादा, त्या रात्री तू बोललास ना, तेव्हा मला वाटलं, उद्या माझ्याकडून असं झालं तर घरात मला काय म्हणाल?"

मला काय उत्तर द्यावं कळेना. "अरे, तो व्यावसायिक खेळाडू, तू घरचा," असलं काहीतरी पुटपुटलो. आजही वाटतं की पैसे घेऊन खेळणाऱ्याच्या खेळाची चिरफाड करायचा चाहत्याला हक्क आहे. नाहीतर चहा प्यायचा कशावर? पण मी त्या रात्री चिरफाड केलीच नव्हती. चिरफाड करायला पूर्ण नव्वद मिनिटं आठवावी लागतात.

पोरगा हे सगळं ऐकून थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण काका, डार्नोल्ड खरंच बॅड होता हं." भाऊ हसत सुटला.

दुपारी पाऊस जरा थांबला तसे दोघे मैदानावर गेले. मी मागून छत्री घेऊन. चिखल घोट्यापर्यंत. पोराने आपला लांबट चेंडू आणला होता. तो फेकणार आणि भाऊ पकडणार, असं ठरलं. भाऊ आपणहून दोन खांबांच्या मधे जाऊन उभा राहिला. पहिलाच चेंडू ओल्या हातातून निसटून मागे चिखलात गेला.

"ड्रॉप, काका!" पोरगा ओरडला.

मी छत्री धरून बाजूला उभा राहिलो.