लेखकाने स्वतः काढलेली कादंबरी परीक्षणाला येते तेव्हा

पाकिटातून कादंबरी निघते. पहिल्या कोऱ्या पानावर ‘अभिप्रायार्थ’ लिहून खाली लेखकाची सही. प्रकाशक म्हणून लेखकाच्याच घरातलं कुणाचं तरी नाव. मागणी येईल तशी एकेक प्रत छापून देण्याची सोय झाल्यापासून अशा कादंबऱ्या वाढल्या आहेत, कारण छपाईची मोठी रक्कम आधी उभी करावी लागत नाही. त्यांचं परीक्षण नीट व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं. बहुतेक वेळा या पुस्तकाला संपादक लाभलेला नसतो. घराबाहेरचा पहिला चिकित्सक वाचक आपणच असतो.

आधी व्यवहार स्पष्ट करावा. पुस्तकाची प्रत घेणं रीतीचं आहे, लेखकाकडून पैसे घेणं नाही. लेखक नात्यातला किंवा रोजच्या बसण्याउठण्यातला असेल तर परीक्षण दुसऱ्या कुणाकडे सोपवावं. ते शक्य नसेल तर ओळख आहे हे पहिल्याच परिच्छेदात वाचकाला सांगून टाकावं.

मग श्रेयपान पाहावं, म्हणजे पुस्तक कुणी छापलं, जुळवलं, तपासलं याची नोंद असलेलं पान. तिथला तेरा अंकी आयएसबीएन पाहून पुष्कळजण हुरळतात. तो फक्त पुस्तकाचा ओळखक्रमांक आहे. भारतात राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी संस्था तो विनामूल्य देते आणि स्वतःचं पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही तो मिळतो. गुणवत्तेशी त्याचा संबंध नाही. पाहायचं ते मुद्रितशोधन आणि संपादन यांच्यापुढे कुणाचं नाव आहे का. नसेल तर पुढे काय वाढून ठेवलं असेल याचा अंदाज येतो.

लेखकाचं नाव अनोळखी आहे म्हणून अपेक्षा कमी करू नयेत, वाढवूही नयेत. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने आलेल्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. ते टोपणनाव होतं जयंत विष्णू नारळीकरांचं. परीक्षकांपुढे होती ती फक्त कथा. स्वप्रकाशित कादंबरी अशीच वाचावी.

प्रस्तावना आणि पाठराखण, म्हणजे मलपृष्ठावरचा शिफारसवजा मजकूर, शेवटी वाचावा. आधी वाचला तर त्यातले शब्द आपल्या परीक्षणात नकळत उतरतात. तीन वेगवेगळ्या नियतकालिकांत एकाच पुस्तकाबद्दल तेच वाक्य दिसतं, ते यामुळेच.

कादंबरी दोनदा वाचावी. पहिल्यांदा सलग, साध्या वाचकासारखी. फक्त जिथे लक्ष उडालं तिथला पानक्रमांक लिहून ठेवावा. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन, आणि त्या पानांवर लक्ष का उडालं हे शोधत.

या दुसऱ्या वाचनात दोष वेगवेगळे करावे लागतात, आणि सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. पहिला दोष अक्षरांचा. ‘दुसऱ्या’च्या जागी सगळीकडे ‘दुसर्या’ छापलेलं दिसतं, ‘तऱ्हा’ची ‘तर्हा’ होते. जुन्या डीटीपी फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना असे घोटाळे होतात. लेखकाच्या भाषेवर त्यावरून शेरा मारणं अन्याय आहे. दुसरा दोष संपादनाचा. पान 40 वर धाकटी बहीण सुमन असते, पान 112 वर ती सुनंदा होते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री अंगणात टिपूर चांदणं पडतं, आणि ती तर अमावास्या. असे दोष एक जागरूक संपादक आठवडाभरात काढू शकला असता. तिसरा दोष लेखनाचा. सगळी पात्रं एकाच सुरात बोलतात, प्रसंग घडून गेल्यावर लेखक त्याचा अर्थ समजावतो, नायकाला कशाचीच किंमत मोजावी लागत नाही. परीक्षणाची बहुतेक जागा या तिसऱ्या गोष्टीला द्यावी. पहिल्या दोन दोषांना मिळून एखादं वाक्य पुरे. मात्र वाचन अडखळत असेल तर ते वाक्य सोडू नये. वाचक पुस्तकाला पैसे मोजणार असतो.

आता प्रकार. प्रत्येक प्रकारची कादंबरी वाचकाला काहीतरी कबूल करते, आणि ती त्या कबुलीवरच तोलावी. भयकादंबरीत सामाजिक आशय नाही ही तक्रार निरर्थक आहे.

ऐतिहासिक कादंबरी मराठीत खूप जुनी. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ 1871 साली ‘विविधज्ञानविस्तार’मधून येऊ लागली. आजही स्वतः पुस्तक काढणाऱ्यांचा ओढा या प्रकाराकडे मोठा आहे. इथे सनावळ्या तपासणं हे काम अर्धंच. त्या काळाची मापं तपासावीत. शिवकाळातला जासूद “दहा मिनिटांत येतो” म्हणाला की तो काळ तिथेच विरतो. घटका 24 मिनिटांची, प्रहर तीन तासांचा, अंतर कोसांत. स्वयंपाकघरही पाहावं, किल्लेदाराच्या वाड्यात चहाचं आधण असू नये. निवेदन आजच्या मराठीत असलं तर बिघडत नाही. संवाद मात्र अर्धे बखरीच्या भाषेत आणि अर्धे मालिकेच्या, असं होऊ नये.

आणखी एक पाहायचं, प्रसंग कुठून घेतला. सभासदाची बखर सतराव्या शतकाच्या अखेरची, मल्हार रामराव चिटणिसांची एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. दोन्हींचं वजन सारखं नाही. कादंबरीकाराला कल्पनेचं स्वातंत्र्य आहेच. पण उशिराच्या बखरीतली दंतकथा घेऊन प्रस्तावनेत “हे पुराव्याने सिद्ध आहे” असं लिहिलं असेल, तर ते खोडून काढणं मी परीक्षकाचं कर्तव्य मानतो.

रहस्यकादंबरीची परीक्षा सोपी आहे. उलगडा वाचून झाल्यावर मागे जावं आणि धागा आधी ठेवला होता का ते शोधावं. गुन्हेगार शेवटून दुसऱ्या प्रकरणात पहिल्यांदा अवतरत असेल तर वाचकाची फसवणूक झाली. तपासाचे तपशीलही बघावेत. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि खुनाच्या शिक्षेचं कलम 103 आहे. 2025 मध्ये घडणाऱ्या खुनाच्या आरोपपत्रात जुन्या कायद्याचं कलम 302 लिहिलेलं असेल तर ती चूक. चहाच्या टपरीवरचा जुना हवालदार “तीनशे दोन लागणार” म्हणाला, तर मात्र ते अगदी खरं बोलणं आहे. हा फरक परीक्षकाला कळला पाहिजे, नाहीतर लेखकाच्या चांगल्या कानाला आपण दोष देऊन बसतो.

भयकादंबरीत आधी रोजचं जगणं पटायला हवं, भीती त्यातून येते. नारायण धारपांच्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको. शिवाय लोकसमजुतीचा आदर आहे का ते पाहावं. गोव्यात आणि दक्षिण कोकणात देवचार हा गावाच्या सीमेचा राखणदार मानला जातो. त्याला उगाचच रक्तपिपासू केलेलं असेल तर लेखकाने शोध न घेता नुसता शब्द उचलला असं समजावं.

विज्ञानकादंबरीत एक अशक्य गोष्ट मान्य करावी. पुढचं सगळं तिला धरून घडतंय का, एवढंच बघावं.

प्रेमकादंबरी पुष्कळदा मोबाइलवर भागाभागाने प्रसिद्ध होऊन मग पुस्तक होते. त्यात कमीपणा काही नाही, हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ‘करमणूक’मधून अशीच क्रमशः आली. पण दर प्रकरणाच्या आरंभी मागचा गोषवारा आणि शेवटी ओढूनताणून आणलेला धक्का पुस्तकात तसाच राहिला असेल तर तो काढायला हवा होता, असं स्पष्ट लिहावं. आणि दोघांना नेमकं काय अडवतंय हे तपासावं. एका फोनने मिटेल असा गैरसमज तीनशे पानं पुरत नाही.

गावाकडच्या कादंबरीत बोली ऐकावी. मालवणी, वऱ्हाडी किंवा अहिराणी शेवटपर्यंत टिकते का, की दहा पानांनंतर ‘हाय’ आणि ‘न्हाय’ एवढंच उरतं? आपल्याला ती बोली येत नसेल तर ती बोलणाऱ्या कुणाला तरी दोन पानं मोठ्याने वाचून दाखवावीत.

मग लिहायला बसावं. सातशे-आठशे शब्द पुरतात. त्यात कथानकाला एक तृतीयांशाहून जास्त जागा देऊ नये. गोष्ट सांगत सुटणं ही नव्या परीक्षकाची नेहमीची घसरण्याची जागा. एखादा उतारा जरूर द्यावा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 परीक्षणासाठी असा रास्त वापर करू देतं. उतारा सगळ्यात वाईट किंवा सगळ्यात चांगला निवडू नये, पुस्तकाच्या नेहमीच्या भाषेचा निवडावा.

‘वाचनीय’, ‘संग्राह्य’, ‘ओघवती शैली’ हे शब्द खोडून त्यांच्या जागी काय आवडलं ते लिहावं. कोणता प्रसंग, कोणतं पात्र, कुठल्या पानावर. कुणी हे पुस्तक घ्यावं आणि कुणी घेऊ नये, हेही सांगावं.

पहिलीच कादंबरी, निरुपद्रवी आणि दुबळी असेल तर? माझ्या मते तिची ‘साभार पोच’मध्ये, म्हणजे आलेल्या पुस्तकांच्या यादीत, नोंद करावी आणि थांबावं. पन्नास जणांनी वाचलेल्या पुस्तकाला झोडपून कुणाचंच भलं होत नाही.

परीक्षण छापून आल्यावर लेखकाचा फोन येतो. वस्तुस्थितीची चूक त्याने दाखवली तर पुढच्या अंकात दुरुस्ती द्यावी. मत बदला असा आग्रह धरला तर शांतपणे नाही म्हणावं. त्याच वेळी पेन्सिलीने टिपलेल्या चुकांची पानवार यादी त्याच्याकडे पाठवून द्यावी. मोठ्या आवृत्तीतली चूक सगळ्या प्रती खपेपर्यंत तशीच राहते. मागणीनुसार छापल्या जाणाऱ्या पुस्तकाची फाइल लेखकाला आजच बदलता येते, आणि पुढच्या वाचकाच्या हातात पडणाऱ्या प्रतीत सुमन शेवटपर्यंत सुमनच राहते.