चौथ्या पहाटेचं कार्ड

वहीचं आणि बर्फाचं कधी जमलं नाही. मालवणच्या किनाऱ्यावरच्या एका बर्फ फॅक्टरीत उधारीची वही होती, आणि पहाटे चारला ओल्या हातांनी ती इतक्या वेळा उघडली जायची की जूनपर्यंत शाई पसरून सगळ्या होड्यांच्या लाद्या एकमेकींत मिसळायच्या. मग भांडणं. शेठनी मला बोलावलं आणि म्हणाले, "कार्ड काढूया. आधी पैसे, मग लादी."

26/11 ला मुंबईवरचे हल्लेखोर समुद्रातून आले. त्यानंतर मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं द्यायचं सरकारने ठरवलं होतं. त्यामुळे माझ्या कार्डाचं स्वागत एका तांडेलाने असं केलं: "सरकाराचा एक, तुजा एक. मासो काय कार्ड बघून जाळ्यात येता?"

शेठना मात्र एकच चिंता होती. कार्ड खलाशाच्या खिशात राहणार, मग त्याने घरी बसून कार्डावरचा लाद्यांचा आकडा वाढवला तर? त्यासाठी मी एसएलई 4442 ही चिप निवडली. तेव्हा स्वस्त होती आणि सहज मिळायची. आत जागा 256 बाइटची. देवनागरी लिहायला बसलात तर एका अक्षराला किमान तीन बाइट लागतात, म्हणजे फार तर पंचाऐंशी अक्षरांत खेळ खलास. पण होडीचा नंबर आणि लाद्यांचा आकडा एवढंच लिहायचं तर हा वाडाच म्हणायचा.

या वाड्याला कुलुपं दोन जातींची. पहिल्या 32 बाइटना प्रत्येकी एक संरक्षक बिट. तो एकदा पाडला की तो बाइट कायमचा गोठतो, पुढे कोणताही कोड दिला तरी बदलत नाही. यातले पहिले चार बाइट, ए2 13 10 91, कारखान्यातूनच गोठून येतात. कार्ड आपली जात सांगतं ते त्यातून. होडीचा नंबर मी याच भागात टाकत होतो. शेठना समजावताना माझी दमछाक झाली. शेवटी तेच म्हणाले, "म्हणजे किल्ल्यातलो चुन्यातलो हात!" सिंधुदुर्ग किल्ल्यात शिवाजी महाराजांच्या हातापायाचे म्हणून जे ठसे दाखवतात, ते चुन्यात आहेत. ओला असेतो काय तो उमटवा, सुकला की झालं. माझ्या अर्ध्या तासाच्या भाषणापेक्षा हे बरं होतं.

बिट पाडायच्या आधी चिप एक खातरजमा करते. गोठवायचा बाइट तुम्ही पुन्हा पाठवायचा, आतला आणि तुमचा जुळला तरच ती गोठवते. पण आत घालतानाच चूक झाली असेल तर चूकही तितक्याच इमानाने गोठते. कारकुनाने 3 च्या जागी 8 दाबला आणि एक होडी जन्मभर दुसऱ्या नावाची झाली. ते कार्ड फेकावंच लागलं.

दुसरं कुलूप तीन बाइटच्या गुप्त कोडचं. वाचायला कोड लागत नाही, लिहायला लागतो. कारखान्यातून तो एफएफएफएफएफएफ असा येतो आणि कितीतरी लोक तो बदलायचा आळस करतात. (मी बदलला होता, एवढं श्रेय घेऊ द्या.) कोड चुकला तर तीन संधी. इथे चिप बनवणाऱ्याची हुशारी बघा: ती आधी एक संधी खोडायला लावते आणि मगच कोड बघते. नाहीतर चोर कोड टाकेल, चुकला असं दिसताच कार्ड उपटेल आणि मोजणीतून सुटेल. कोड बरोबर निघाला तर खोडलेल्या संधी परत भरायच्या. पण त्या आपोआप भरत नाहीत, त्यासाठी वेगळी आज्ञा द्यावी लागते.

ती आज्ञा मी लिहिलीच नव्हती.

कार्ड वाचायचा-लिहायचा रीडर मीच 8051 मायक्रोकंट्रोलरवर जोडला होता, प्रोग्रॅमही माझाच. घरी टेबलावर चाचणी घेताना कार्ड एकदा घातलं की दिवसभर आतच, वीज चालू. कोड एकदा दिला की संध्याकाळपर्यंत शंभर वेळा लिहा, चिप कुरकुर करत नाही. फॅक्टरीत मात्र होडी येते, कार्ड घालते, लाद्या घेते आणि जाते. दर पहाटे एक संधी खर्च. तीन पहाटे सगळं गोड. चौथ्या पहाटे जेटीवर होड्या उभ्या, पोत्यात भुसा तयार, आणि एकाही कार्डावर लिहिता येईना. मला पावणेपाचला फोन आला तेव्हा मागून जे शब्द ऐकू येत होते, ते मालवणीतच शोभतात.

एक गोष्ट वाचवून गेली. कुलूपबंद कार्ड लिहू देत नाही, पण वाचू देतं. प्रत्येकाची शिल्लक वाचली, वहीत उतरवली (हो, त्याच वहीत!) आणि दुरुस्त प्रोग्रॅमने नवी कार्डं केली. एक संधी खोडा, कोड द्या, संधी भरा, मग लादी कापा. भरण्याची ओळ मी तीनदा वाचून बघितली.

जुन्या कार्डांवरची शिल्लक आता शून्य करणं मात्र कोणाच्याच हातात नव्हतं. म्हणून शेठनी ती परत मागवली आणि समोर बसून कात्रीने कापली. एक आलंच नाही. ज्याचं होतं तो म्हणाला, देवबागच्या संगमावर पाण्यात गेलं.

दोन पावसाळ्यांनी तोच माणूस चहाला बसला असताना त्याने खिशातून ते काढून टेबलावर ठेवलं. सोनेरी संपर्क हिरवे पडले होते. खोडरबराने घासले आणि रीडरमध्ये घातलं. चौदा लाद्या.

"देतंस काय?" त्याने विचारलं.