‘हार्दिक’ला बॉर्डर मारताना

गल्लीच्या तोंडाशी लागलेला वाढदिवसाचा फ्लेक्स एकदा अगदी जवळ जाऊन बघा. ‘हार्दिक शुभेच्छा’ पिवळ्या रंगात, भोवती लाल बॉर्डर, तिच्याबाहेर पांढरी, आणि मागे निळसर ग्लो. लांबून सगळं झकपक दिसतं. जवळ गेलं की शिरोरेषेवर जागोजागी बारीक लाल चिरा दिसतात आणि ‘र्दि’वरचा रफार वेलांटीत मिसळून दोघांचा मिळून एक गोळा झालेला असतो. करणाऱ्याने आळस केला असं म्हणता येणार नाही. आपण डोळ्यांनी अख्खा शब्द बघतो, सॉफ्टवेअर मात्र सुटे तुकडे मोजत बसतं. देवनागरीला आउटलाइन देताना निम्मी डोकेदुखी यातूनच होते.

शिरोरेषेवरच्या चिरा

देवनागरी फॉन्टमध्ये बहुतेक अक्षरांची शिरोरेषा शेजारच्या अक्षरात किंचित घुसेल इतकी लांब काढलेली असते. तशी नसती तर दोन अक्षरांमध्ये फट दिसली असती. नुसता रंग भरलेला असतो तोवर हे घुसलेलं टोक रंगात रंग मिसळून लपतं. स्ट्रोक दिला की प्रत्येक तुकड्याभोवती स्वतंत्र रेघ ओढली जाते आणि लपलेले सगळे सांधे उघडे पडतात. इंग्रजी अक्षरं सहसा सुटीच उभी असतात, त्यामुळे इंग्रजी ट्यूटोरियल्समध्ये या भानगडीचा उल्लेखही नसतो. आपल्याकडचा नवखा माणूस मग फॉन्टलाच दोष देतो.

सोपा उपाय म्हणजे रेघ रंगाच्या मागे टाकणं. कोरलड्रॉमध्ये एफ-१२ दाबलं की आउटलाइन पेनची खिडकी उघडते, तिथे ‘बिहाइंड फिल’ आहे. इलस्ट्रेटरमध्ये अपिअरन्स पॅनलमधून नवा स्ट्रोक घ्यायचा आणि तो ओढून ‘कॅरेक्टर्स’च्या खाली न्यायचा. चिरा रंगाखाली झाकल्या जातात. मात्र अशा रेघेचा आतला अर्धा भागही रंगाखाली जातो, म्हणून जाडी दुप्पट धरावी लागते.

अक्षरं पोकळ हवी असतील, म्हणजे नुसती रेघ आणि आत काही नाही, तर ही युक्ती चालत नाही. तिथे तुकडे खरोखरच एक करावे लागतात. इलस्ट्रेटरमध्ये ‘क्रिएट आउटलाइन्स’ करून पाथफाइंडरमधलं ‘युनाइट’, इंकस्केपमध्ये ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ आणि मग ‘युनियन’. कोरलमध्ये मी बाहेरच्या बाजूचा कंटूर घेतो आणि तो सुटा करून वापरतो. कंटूर काढताना सांधे आपोआप मिटतात.

फोटोशॉपवाल्यांना हा त्रास जवळजवळ नाहीच. तिथला लेयर स्टाइलमधला स्ट्रोक अक्षरं बघत नाही, लेयरवर जिथे जिथे रंग आहे त्या सगळ्याची बाहेरची कड बघतो. त्याच्या लेखी ‘हार्दिक’ हा आधीपासूनच एक आकार असतो.

रेघ आत किती, बाहेर किती

फोटोशॉपमध्ये स्ट्रोकला तीन जागा मिळतात: आउटसाइड, इनसाइड आणि सेंटर. सेंटर निवडून १० पिक्सेलची रेघ दिली तर ५ पिक्सेल बाहेर जाते आणि ५ पिक्सेल अक्षर खाते. जाड फॉन्टला ते पचतं. बारीक फॉन्टमध्ये ‘क’चं पोट आणि ‘भ’ची गाठ हडकुळी होते. मराठीसाठी मी डोळे मिटून आउटसाइड घेतो.

आउटसाइडचा धोका वेगळा आहे. बाहेर वाढणारी रेघ शेजारच्या रिकाम्या जागेत शिरते. ‘र्दि’मध्ये वेलांटीची कमान उजवीकडे येते आणि नेमकी तिथेच रफाराची कोयरी बसलेली असते. दोघांमधली फट १२ पिक्सेल असेल आणि आपण ८ पिक्सेलची बॉर्डर मारली, तर दोन्ही बाजूंनी मिळून १६ पिक्सेल होतात आणि फट बुजते. ‘च्छ’च्या वळणांचं आणि अनुस्वाराचंही तेच होतं. म्हणून जाडी ठरवताना शब्दातली सगळ्यात अरुंद फट शोधायची आणि तिच्या निम्म्याहून कमी राहायचं. जाड बॉर्डर हवीच असेल तर अक्षरांतलं अंतर वाढवून भागत नाही, कारण शिरोरेषाच तुटते. तिथे मोकळ्या वळणांचा फॉन्ट घेणं हाच मार्ग.

टोकांनाही जपावं लागतं. कोपरा टोकदार ठेवला तर काही अक्षरांच्या शेपटीतून काटा बाहेर येतो. कॉर्नर राउंड केला की तो जातो.

ग्लो म्हणजे धूसर केलेली सावलीच

आउटर ग्लोमध्ये जादू काही नाही. सॉफ्टवेअर शब्दाच्या आकाराची एक नक्कल काढतं, ती थोडी फुगवतं, धूसर करतं, रंगवतं आणि मूळ शब्दामागे ठेवतं. फोटोशॉपमध्ये ‘स्प्रेड’ म्हणजे किती फुगवायचं आणि ‘साइझ’ म्हणजे धूसरपणा किती लांब पसरू द्यायचा. स्प्रेड १०० टक्के केला की धूसरपणा संपतो आणि ग्लोची बॉर्डर होते.

‘ग्लो दिला, पण दिसतच नाही,’ ही तक्रार वारंवार ऐकू येते. ग्लोचा ब्लेंड मोड मुळात ‘स्क्रीन’वर असतो. स्क्रीन खालचा रंग फक्त उजळ करतो, आणि पांढरा आणखी उजळ कुठून होणार? पांढऱ्या पार्श्वभूमीवर मोड ‘नॉर्मल’ किंवा ‘मल्टिप्लाय’ करून गडद रंग घ्यावा लागतो. मग त्याला उजेड म्हणायचं की सावली, ते आपलं आपण ठरवावं.

निऑनची नक्कल

जॉर्ज क्लॉड यांनी १९१० मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात निऑनच्या नळ्या लावल्या होत्या. निव्वळ निऑन वायूचा उजेड नारिंगी-लाल असतो; बाकीच्या रंगांसाठी दुसरे वायू, पारा किंवा रंगीत काच वापरतात. नक्कल करताना लक्षात ठेवायची गोष्ट अशी की पेटलेल्या नळीचा मधला भाग डोळ्यांना जवळजवळ पांढरा दिसतो, रंग दिसतो तो कडेला आणि भोवती. म्हणून अक्षरात गर्द गुलाबी भरू नका. आत फिकट, कडेला बारीक गुलाबी रेघ, मग एक छोटा दाट ग्लो आणि त्यामागे मोठा विरळ ग्लो.

फोटोशॉपमध्ये एका लेयरला आउटर ग्लो एकदाच देता येतो. दुसऱ्यासाठी ड्रॉप शॅडो घ्यायची, डिस्टन्स शून्य ठेवायचा, मोड स्क्रीन करायचा आणि रंग उजळ घ्यायचा.

फ्लेक्सवर जाताना

पडद्यावर जाड वाटणारी बॉर्डर फ्लेक्सवर हरवते. फाइल ७२ रेझोल्युशनची असेल तर १० पिक्सेल म्हणजे जेमतेम साडेतीन मिलिमीटर. दहा फुटी फ्लेक्सवर रस्त्याच्या पलीकडून तेवढी रेघ दिसत नाही. उलट कोरलमध्ये छोट्या मापावर डिझाइन करून नंतर ताणलं आणि ‘स्केल विथ ऑब्जेक्ट’ची खूण केलेली नसेल, तर अक्षरं वाढतात पण बॉर्डर तेवढीच राहते. इलस्ट्रेटरमध्ये हीच सोय ‘स्केल स्ट्रोक्स अँड इफेक्ट्स’ नावाने प्रेफरन्सेसमध्ये आहे.

ग्लोच्या बाबतीत छपाई मुळातच लंगडी आहे. पडदा स्वतः उजेड टाकतो, शाई टाकू शकत नाही. झळाळी हवी तर भोवतीचा रंग गडद करणं एवढंच हातात राहतं.

फाइल ‘कर्व्ह करून पाठवा’, म्हणजे मजकुराचे नुसते आकार करून पाठवा, असं प्रेसवाले सांगतातच. मग तो मजकूर टाइप करून बदलता येत नाही. कर्व्ह करायच्या आधी फाइलची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवा. मी एकदा ठेवली नव्हती. तीन बॉर्डर, दोन ग्लो, सगळे सांधे जुळवलेले, आणि रात्री अकराला गिऱ्हाइकाचा फोन आला की ‘हार्दिक’मधली वेलांटी दुसरी पडली आहे.