पऱ्या अडवायचे दिवस

गणपतीला आमची वाडी चाकरमान्यांनी भरते, पण बंधाऱ्याला तेव्हा हात लावता येत नाही. पऱ्या दोन्ही काठ धरून धावत असतो. पिशव्या टाकल्या तर रातोरात वाहून जातील. आणि दिवाळी होऊन बरेच दिवस गेले, की अडवायला धारच उरत नाही. मधले जेमतेम चार-पाच आठवडे वनराई बंधाऱ्याचे.

कोकणात 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरी एप्रिल-मेमध्ये वाड्यांवर टँकर चढतो, हे घाटावरच्या पाहुण्याला खरं वाटत नाही. जांभा सच्छिद्र, उतार तीव्र आणि समुद्र हाकेच्या अंतरावर. पाणी येतं तसं निघून जातं. घाटावरची समतल चरांची चळवळ उन्हाळ्यात खोदते आणि पावसाची वाट पाहते. आमच्याकडे उलटं, पाऊस उघडल्यावर घाई सुरू.

बंधाऱ्याला नाव मिळालं ते मोहन धारिया यांच्या ‘वनराई’ संस्थेवरून. धारिया मूळचे महाड तालुक्यातल्या नात्याचे, म्हणजे कोकणातलेच. सिमेंटच्या किंवा खताच्या रिकाम्या पिशव्या, वाळू नाहीतर मुरूम, सुतळी आणि दाभण. साहित्य संपलं.

कसब आहे ते रचण्यात. जागा अशी हवी, की पात्र अरुंद, काठ घट्ट आणि वरच्या अंगाला उतार कमी. आधी तळातला पालापाचोळा आणि सैल गाळ काढायचा, नाहीतर पाणी बंधाऱ्याच्या खालूनच वाट काढतं. पिशवी गच्च भरायची नाही. इथे नवखे हमखास चुकतात. ठासून भरलेली पिशवी दगडासारखी गोल होते आणि दोन पिशव्यांमध्ये फट राहते. पाऊणभर भरलेली शेजारणीला चिकटून बसते. थर विटांसारखे सांधेमोड करून चढवायचे, पायाला रुंद, वर निमुळते. फटींत चिकणमाती पायाने तुडवून बसवायची. मधला भाग काठापेक्षा थोडा खाली ठेवायचा, म्हणजे जादा पाणी मधून सांडतं आणि काठ खचत नाहीत.

पाच मीटर रुंद पऱ्यावर मीटरभर उंचीच्या बंधाऱ्याला साधारण दोनशे पिशव्या लागतात. वीस-पंचवीस माणसं असली तर दुपारच्या जेवणाआधी काम उरकतं. तळाला शंभर मीटरला एक मीटर उतार असेल, तर पाणी मागे शंभर मीटर तुंबतं. पात्र सरळ काठांचं धरलं तर अडीच लाख लिटर होतात, म्हणजे दहा हजारांचे पंचवीस टँकर. प्रत्यक्षात काठ तिरके, त्यामुळे भरतं त्याहून कमी. पण खरी कमाई त्या डबक्यात नसतेच. मागून धार चालू असते, तोवर साठलेलं पाणी काठांत मुरत राहतं आणि शेजारची विहीर लवकर तळ दाखवत नाही. पऱ्याकाठी भाजीचे वाफे होतात, गुरांना पाणी मिळतं, धुण्यासाठी लांब जावं लागत नाही.

एका बंधाऱ्याने टँकर थांबत नाही, हेही सांगायला हवं. एकाच पऱ्यावर ओळीने चार-पाच झाले तर फरक दिसतो. गावागावांना आकडे ठरवून दिले, की मात्र गंमत होते: रस्त्याजवळच्या, मोटार जाईल अशा जागी बंधारे दाट उगवतात. फोटो चांगले येतात.

सहसा कोणी बोलत नाही ते मे महिन्याबद्दल. उन्हाने पिशव्यांचं प्लॅस्टिक कुजत नाही, ते ठिसूळ होऊन त्याच्या चिंध्या होतात. मृगाच्या पहिल्या लोंढ्यात त्या खाली खाडीपर्यंत जातात. म्हणून धार आटली की बंधारा मोडायचा, चांगल्या पिशव्या झटकून गोठ्याच्या माळ्यावर टाकायच्या आणि फाटक्या गोळा करायच्या. गेल्या वर्षी आमच्याकडे बांधायला तेवीस जण होते. मोडायला आम्ही चौघं. दोन दिवस लागले, आणि एकशे दहा पिशव्या पुन्हा वापरण्याजोग्या निघाल्या.