पात्राच्या विद्येत फेरफाराची मुभा

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या अमेरिकन द्वयीने 1974 साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला, आणि टेबलाभोवती बसून, फासे टाकीत, प्रत्येकाने एकेका कल्पित पात्राचे आयुष्य जगावयाचे, अशी क्रीडेची एक नवी जात रूढ झाली. या खेळात अनुभवाबरोबर पात्राची पातळी वाढते आणि खेळाडू त्याच्यासाठी नवी कौशल्ये निवडतो. ती निवड पुढे निरुपयोगी ठरल्यास बदलू द्यावी की नाही, यावर खेळाडूंत तीव्र मतभेद आहेत.

प्रारंभी असे निर्णय थोडेच असत. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीने मात्र ‘फीट’ नामक विशेष कौशल्यांची लांबलचक यादीच पुढे ठेवली. भोवतालच्या सर्व शत्रूंवर एकाच वेळी वार करण्याचे ‘व्हर्लविंड अटॅक’ हे कौशल्य घ्यावयाचे, तर चापल्य आणि बुद्धी या दोहोंत किमान 13 गुण, शिवाय ‘डॉज’, ‘मोबिलिटी’, ‘स्प्रिंग अटॅक’ धरून आणखी चार फीट आधी पदरी असावे लागत. सबब ज्याने पहिल्या दिवसापासून आखणी केली नाही, त्या नवख्याला ती वाट जवळजवळ बंदच होई. कथा कोठे जाणार हे ठाऊक नसताना केलेल्या निवडीने माणसाला वर्षभर जखडून ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

हा अन्याय प्रकाशकांनाही जाणवला असावा. 2006 साली एका पुरवणी ग्रंथातून फेरशिक्षणाचे नियम आले, आणि 2008 च्या चौथ्या आवृत्तीने प्रत्येक नव्या पातळीवर एक निवड बदलण्याची सरसकट परवानगी दिली.

फेरफार फुकट झाला की निवडीचे गांभीर्य नष्ट होते, आणि धूर्त खेळाडू येणारा शत्रू पाहून विद्या बदलीत राहतो, हा विरोधकांचा आक्षेप खरा आहे. परंतु त्याचे उत्तर मनाईत नसून मोबदल्यात आहे. ‘पाथफाइंडर’ या अशाच दुसऱ्या खेळाच्या 2019 सालच्या दुसऱ्या आवृत्तीत एक फीट बदलण्यास पात्राला मोहिमांमधल्या फुरसतीचा साधारण आठवडा खर्चावा लागतो, बहुधा गुरूही शोधावा लागतो, पात्राच्या वर्गाच्या, म्हणजे पेशाच्या, खास विद्येला महिना किंवा अधिक लागतो, आणि वंश, पूर्वायुष्य व वर्ग यांना हात लावता येत नाही. तो आठवडा कथेतलाच असल्यामुळे, आपला नायक तालमीत गुंतला असता शत्रू स्वस्थ बसेलच असे नाही, आणि गुरूचा शोध हाच एक नवा प्रसंग होऊन बसतो. मला माहीत असलेल्या तजविजींत हीच सर्वांत न्याय्य आहे.

जे वाचक अशा खेळाचे सूत्रधार असतील, त्यांनी ही मुभा आणि तिची मुदत पहिल्याच बैठकीत जाहीर करावी, आणि प्रथमच खेळणाऱ्याला तिसऱ्या पातळीपर्यंत हवा तो बदल विनामोबदला करू द्यावा.